‘हीच’ की ‘हीही’?

सकाळी सात

माझ्या यजमानांची नोकरी गुजरातेत, व्याऱ्याला. त्यामुळे सकाळी स्कूटीवरून त्यांना नवापूर स्टेशनावर सोडणं हे माझ्या दिवसाचं पहिलं काम. आमचं स्टेशन दोन राज्यांत वाटलेलं आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि आधीपासून उभ्या असलेल्या स्टेशनामधूनच हद्द गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. फलाटावरची माणसं घोषणेची वाट न बघता एकमेकांना विचारतात. कोणी म्हणतं, ‘आ ज गाडी?’ शेजारची बाई सांगते, ‘हीच.’ तेवढ्यात तिसरा ‘यही है, यही है’ म्हणत डब्यात शिरलेला असतो.

ज, च आणि ही. गुजराती, मराठी आणि हिंदी. तिघांचं काम एकच: बाकी सगळं बाजूला सारून एकावर बोट ठेवायचं. मध्य प्रदेशातल्या खेतियाकडून शहाद्यात उतरणारा माणूस ‘ही’ घेऊन येतो, गुजरातेतल्या उच्छलकडून येणारा ‘ज’ घेऊन येतो आणि आमच्या जिल्ह्यात ते ‘च’ला भेटतात.

इथवर सगळं सोपं आहे. पण हिंदीतला ‘ही’ आणि मराठीतला ‘ही’ लिहायला सारखे, ऐकायला सारखे आणि अर्थाने मात्र उलटे. हिंदीत ‘मैं ही’ म्हणजे फक्त मी, दुसरं कोणी नाही. मराठीत ‘मीही’ म्हणजे दुसरे तर आहेतच, शिवाय मी. एकाने दार लावलं, दुसऱ्याने उघडलं. गप्पांमध्ये चालून जातं, कारण समोरच्याचा चेहरा दिसतो, हात दिसतात. कागदावर चेहरा नसतो. आणि माझं काम कागदाचं आहे.

सकाळी दहा

तहसील कचेरीपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. लॅपटॉप, प्रिंटर, झेरॉक्स मशीन, दोन खुर्च्या आणि बाहेर एक बाक. मी मराठीत एम. ए. केलं. नेट-सेटच्या मागे काही वर्षं गेली, मग हे सुरू केलं आणि यातच रमले. हाताशी एक मुलगी आहे, बारावी झालेली, टायपिंगला हात चांगला आहे तिचा.

पहिला तासभर दाखल्यांचा. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा. यात भाषेला फारसं काम नाही, रकाने भरायचे आणि आधार कार्डाची नक्कल जोडायची. हे ती मुलगी करते. मी बाकावर बसलेल्यांचं ऐकत असते, कारण माणूस खुर्चीत येऊन बसला की तो ‘अर्जाचं’ बोलायला लागतो. बाकावर असतो तोवर स्वतःचं बोलतो. आणि मला हवं असतं ते तिथलं वाक्य.

सकाळी अकरा

वारस नोंदीसाठी दोघं भाऊ आले. दोघं बारडोलीकडे कामाला असतात, त्यामुळे बोलण्यात मावची, मराठी, गुजराती सगळं. वडील गेले, सातबाऱ्यावर नावं लावायची आहेत. मी विचारलं, ‘वारस कोण कोण?’ धाकटा चटकन म्हणाला, ‘अमे बे ज.’ आम्ही दोघंच.

प्रतिज्ञापत्रात हे वाक्य कसं येतं ते मला पाठ आहे: मयताचे आम्ही दोघेच कायदेशीर वारस असून आमच्याखेरीज अन्य कोणीही वारस नाही. या वाक्याचं सगळं वजन ‘दोघेच’मधल्या ‘च’वर आणि ‘कोणीही’मधल्या ‘ही’वर आहे. ही दोन अक्षरं काढा, उरतं ते निव्वळ ‘आम्ही वारस आहोत’, आणि ते कोणीही नाकारत नाही. शपथ घेतली जाते ती या दोन अक्षरांची.

म्हणून मी हात की-बोर्डवरून काढून घेतला आणि विचारलं, ‘दोघंच? तिसरं कोणीच नाही?’ मोठ्याने खाली बघितलं. मग म्हणाला, एक भाऊ आहे, सर्वांत मोठा. सुरतेला गेला तो पुन्हा आलाच नाही, फोनही नाही. ‘पण आहे ना?’ ‘आहे.’ मग ‘दोघेच’ लिहिता येणार नाही. धाकट्याच्या मनात कपट नव्हतं. घरात दोघंच राहतात, त्याच्या लेखी तो ‘ज’ खरा होता. घरातला ‘च’ आणि कायद्यातला ‘च’ वेगळे असतात, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. तिघांची नावं घातली, सर्वांत मोठ्याचा ठावठिकाणा माहीत नसल्याचं स्वतंत्र वाक्य लिहिलं. दोघांनाही ते पटलं. मोठा तर जरा हलकाच झाल्यासारखा दिसला.

दुपारी साडेबारा

सुरत-धुळे महामार्ग आमच्या गावाला लागून जातो, आज त्याला ५३ क्रमांक आहे. त्यामुळे महिन्यातून एखादा तरी ट्रकवाला येतोच. आजचा मध्य प्रदेशातला. त्याच्या ट्रकचा अपघात झाला, विम्याचा दावा केला आणि तो अडकला. त्याच्याकडे दुसरीकडे कुठेतरी मराठीत टाइप करून घेतलेला जबाब होता. मी वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीतच थांबले: ‘त्या वेळी ट्रक मीही चालवत होतो.’

त्याला विचारलं, ‘ट्रक पर और कौन था?’ ‘कोई नहीं. मैं ही चला रहा था.’

म्हणजे झालं असं की लिहिणाऱ्याने ‘मैं’चं ‘मी’ केलं आणि ‘ही’ तसाच ठेवला. एकट्या माणसाच्या ट्रकवर कागदोपत्री दोन चालक चढले. पुढे ज्याने फाइल वाचली त्याने साहजिकच विचारलं, दुसरा कोण, त्याचा परवाना कुठे आहे. बिचारा हा ड्रायव्हर मराठी वाचू शकत नाही, त्याला कळेना की आपण न बोललेला माणूस आपल्या जबाबात आला कुठून.

‘मीही’चं ‘मीच’ केलं, सोबत खुलाशाचा अर्ज लिहून दिला. असे कागद माझ्याकडे वरचेवर येतात. ‘उसी दिन’चं ‘त्या दिवशीही’, ‘यही रकम’चं ‘ही रक्कमही’. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कागद कुरूप करते. ही चूक कागदाला खोटं बोलायला लावते, आणि खाली सही मात्र खऱ्या माणसाची असते. शाळेत आपण ‘पाणी’-‘पाणि’वर इतके गुण कापतो, पण ‘च’ कुठे बसतो ते शिकवायला वेळ देत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

दुपारी दोन

डबा खाताना शटर अर्धं खाली ओढते. हा वेळ माझ्या जुन्या पुस्तकांचा. एम. ए.ला जुनी मराठी हा माझा आवडता पेपर होता आणि त्यातलं मला सर्वांत जास्त भावलेलं काय असेल तर हाच ‘च’.

१२९० सालच्या ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ आहे. तोचि, तेचि, ऐसेंचि. मोठ्याने म्हणून बघा, जीभ टाळूला लागते, ‘चिमटा’मधल्या च सारखी. आज आपण ‘तोच’ म्हणतो तेव्हा जीभ दातांमागे जाते, ‘चमचा’मधल्या च सारखी. शेवटची इ गळाली आणि तिच्याबरोबर अक्षराचा उच्चारही हलला. पण काम सातशे वर्षांत तसूभर बदललं नाही. कीर्तनात अजूनही ‘चि’ ऐकू येतो आणि कोणाला तो समजावून सांगावा लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलासुद्धा कळतं की हा आपलाच ‘च’ आहे.

त्याच्याही मागे गेलं की महाराष्ट्री प्राकृत येतं. हालाच्या गाथासप्तशतीत ‘च्चिअ’ जागोजागी भेटतो. मराठीला आणि प्राकृतला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हे अक्षर आलं. थोरामोठ्या ग्रंथांची नावं घेतली जात होती आणि मला वाटत होतं, या दोन भाषांना जोडणारा सर्वांत चिवट धागा आपण दिवसातून शेकडो वेळा जिभेवर खेळवतो.

गुजराती ‘ज’चं घरही याच वाड्यात आहे. पाटणला बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं. संस्कृत ‘एव’च्या अर्थाने प्राकृतात येणारे ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ त्यांनी नोंदवले, आणि पुढे अपभ्रंशाच्या भागात त्याच अर्थाचा ‘जि’ नोंदवला. पहिल्यातून आपला च, दुसऱ्याच्या वळणाचा गुजरातीचा ज. नवापूरच्या फलाटावरचे दोन्ही शब्द एका माणसाने एका ग्रंथात नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. तेव्हा ना स्टेशन होतं ना हद्द.

शालेय व्याकरणात च, ही, देखील, सुद्धा यांना ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ म्हणतात. नेहमीचं शब्दयोगी अव्यय शब्दाचं रूप बदलतं: झाड, पण झाडाखाली. च मात्र शब्दाला धक्का लावत नाही: झाडच. विभक्ती लागलेली असेल तर तिच्याही मागे जाऊन बसतो: झाडालाच, झाडाखालीच. कुठल्याही शब्दाला चिकटतो, आणि ज्याला चिकटतो त्याच्यापुरतंच बोलतो. म्हणून तो मराठीत जोडून लिहायचा. गुजरातीत ‘ज’ सुटा लिहितात, त्यामुळे आमच्याकडची शिकलेली मुलंही ‘तो च’ असं तोडून लिहितात. माझी मदतनीस उच्छलच्या शाळेत शिकलेली, तीही तसंच करायची. सुटा च पुढच्या शब्दाचा आहे की मागच्याचा, अशी शंका वाचणाऱ्याला येऊ शकते. ओळ तुटून तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला गेला तर मग विचारायलाच नको.

दुपारी साडेतीन

आजचं मोठं काम हे. वनहक्काच्या दाव्यासोबत जोडायचा वडीलधाऱ्यांचा जबाब. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवायचं असतं. वैयक्तिक दाव्याला कमाल मर्यादा चार हेक्टरची. डोंगरातल्या शेताला सातबारा कुठून आणणार? म्हणून नियमांनी पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी निवेदनही धरलं आहे. म्हाताऱ्या माणसाचं तोंडी बोलणं पुरावा म्हणून चालतं, फक्त ते कोणीतरी कागदावर उतरवायला हवं. मला या तरतुदीबद्दल फार आदर आहे. आणि तितकीच धास्तीही, कारण उतरवणारा चुकला तर म्हाताऱ्याचं खरं बोलणं खोटं ठरतं.

आबा ऐंशीच्या पुढचे. सोबत नातू आणि दावेदार. दावेदाराने एक छापील नमुना आणला होता, गावोगाव फिरतो तसला, नाव-गाव भरायचं आणि अंगठा द्यायचा. त्यात आधीच छापलेलं होतं: ‘अर्जदार हीच जमीन कसत असून...’ मी तो बाजूला ठेवला.

‘आबा, हे शेत कोण कसतं?’

आबा मावचीत बोलले. मला मावची समजते, पण अशा कामात मी समजुतीवर विसंबत नाही. नातू म्हणाला, ‘ते म्हणतात, तेच कसतात.’

‘तेच’ म्हणजे काय? ते स्वतः, दुसरं कोणी नाही? की तेच शेत, दुसरं नाही? की पूर्वीपासून जे कसत होते तेच आजही? मराठीत तिन्ही निघतात. मग मी शब्द सोडून दिला आणि शेताविषयी विचारायला लागले. पेरा कोण करतं? याचा चुलतभाऊ बैल घेऊन येतो, पण बी याचं, पेरा याचा, तूर याच्या घरी जाते. दुसऱ्या कोणी कधी पेरलं का? नाही. याच्या बापाने तोडलं, मग यानं धरलं. बरं, याचं आणखी शेत आहे का कुठे? आबांनी दावेदाराकडे पाहिलं. दावेदार गप्प. आबा म्हणाले, आहे, घराजवळ, आंब्याखालचं, लहान.

म्हणजे च जमिनीला लागत नव्हता, माणसाला लागत होता. ‘हीच जमीन कसतो’ हे खरं नव्हतं. ‘हाच ही जमीन कसतो’ हे खरं होतं, आणि दाव्याला त्याचीच गरज होती. छापील नमुन्यातलं वाक्य तसंच गेलं असतं आणि पडताळणीत आंब्याखालचा तुकडा निघाला असता, तर आबांच्या खऱ्याखुऱ्या जबाबावर संशय आला असता. दावेदाराला हे समजावायला थोडा वेळ लागला. त्याला वाटत होतं, दुसरं शेत लिहिलं की दावा गेला. कायदा असं म्हणत नाही, मर्यादा चार हेक्टरची आहे आणि दोन्ही मिळून त्याची जमीन त्या मर्यादेच्या पासंगालाही पुरत नव्हती.

मग लिहिलं: सदर जमीन अर्जदार हाच कसत आला आहे, त्यापूर्वी त्याचे वडील कसत होते, अन्य कोणी तेथे पेरा केलेला मी पाहिला नाही, अर्जदाराची घराजवळ याव्यतिरिक्त थोडी जमीन आहे. ओढा, महूची झाडं, दगडांचा बांध, चतुःसीमा आबांनी सांगितल्या तशा.

शेवटी वाचून दाखवणं. ‘मजकूर वाचून दाखविला, तो खरा व बरोबर आहे’ हे वाक्य पुष्कळ जण न वाचताच टाइप करतात. मी एकेक वाक्य वाचते, नातू मावचीत सांगतो, आबांनी मान हलवली की पुढे. ‘हाच’ला त्यांनी मान हलवली नाही. हात वर केला, स्वतःहून म्हणाले, बैलांचं लिही. चुलतभाऊ बैल आणतो ते लिही. उद्या तो म्हणेल मला विसरले. बरोबर होतं त्यांचं. ‘हाच’ने चुलतभावाचे कष्ट पुसले गेले असते. एक वाक्य वाढवलं. मग अंगठा.

या जबाबाला सगळी दुपार गेली. पैसे मात्र इतर जबाबाइतकेच घेते.

संध्याकाळी सात

भाचा सुरतेला भरतकामाची मशिनं दुरुस्त करतो. मशिनं चीनहून येतात, म्हणून त्याने फोनवरच्या वर्गातून चिनी शिकायला घेतली आहे. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो. नवा शब्द शिकला की मावशीला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि मलाही ऐकल्याशिवाय.

‘मावशी, आज तुझ्या ‘ही’ची बहीण सापडली. वो ये छ्यू. मीही जातो. यातला ‘ये’ म्हणजे ही.’

‘मग ‘ये’ ज्याला हवा त्याला जोडता येतो का?’

‘नाही, तो क्रियापदाच्या आधीच येतो. वो ये ह छा. मीही चहा पितो म्हण नाहीतर मी चहाही पितो म्हण, वाक्य एकच. आधी काय बोलणं झालं त्यावरून कळतं.’

मला आबा आठवले. चिनी जबाब लिहिणाऱ्याला किती प्रश्न विचारावे लागत असतील! आपला च आणि ही हव्या त्या शब्दाला बिलगतात, ही मराठीची केवढी मोठी सोय आहे, ते अशा वेळी कळतं.

भाच्याने पुढे सांगितलं ते तर मी वहीत लिहून ठेवलं. हेच ‘ये’चं अक्षर कन्फ्यूशियसच्या काळच्या ग्रंथांत वाक्याच्या अगदी शेवटी येतं. तेव्हा ‘अमुक म्हणजे तमुक’ अशा वाक्यात क्रियापद लागत नसे, शेवटी ‘ये’ ठेवला की विधान ठाम झालं. ‘सुद्धा’साठी तेव्हा ‘यी’ असा दुसरा शब्द होता. आज शेवटचा ठाम ‘ये’ बोलण्यातून गेला आणि त्याच अक्षराने ‘सुद्धा’ लिहितात. शतकं उलटली आणि ‘असंच’ सांगणाऱ्या अक्षराकडे ‘हेही’ सांगण्याचं काम आलं. आमच्याकडे त्यासाठी शतकं लागत नाहीत, खेतियाहून शहाद्याला यायचं, की ‘ही’चं काम बदललं.

जुन्या चिनीतली अशी चार अक्षरं एकत्र घेऊन, झ, हू, झे, ये, चिनी लोकांनी पुस्तकी बोलणाऱ्याला लावायचा एक शब्दप्रयोग केला आहे. लू शुनच्या १९१९च्या ‘खुंग यीजी’ या कथेतला दरिद्री विद्वान तसंच बोलतो आणि गुत्त्यातले लोक त्याला हसतात. तो पोटासाठी लोकांच्या पोथ्या नकलून देत असतो. मी ती कथा अनुवादात वाचली आहे. हसणाऱ्यांच्या बाजूला मला कधी जाता आलं नाही.

रात्री नऊ

जेवणं झाली. लॅपटॉप घरी आणला होता. तो छापील नमुना समोर ठेवून मी माझा वेगळा नमुना टाइप करायला बसले, उद्या मुलीच्या हाती द्यायला. त्यात ‘हीच जमीन’ नाही, ‘हाच’ही नाही. दोन्ही जागा रिकाम्या. च आधीपासून छापलेला असला की माणूस न बोलता ठाम होतो, आणि तो ठामपणा त्याचा नसतो. रिकाम्या जागेखाली बारीक अक्षरांत प्रश्न घातले: पेरा कोणाचा? आणखी कोणी पेरतं का? पीक कोणाच्या घरी जातं? मदतीला कोण येतं, त्याचं नाव लिहायचं का? अर्जदाराचं आणखी शेत कुठे आहे?

त्याखाली फक्त मुलीसाठी, ठळक: हिंदीत बोललेला ‘ही’ मराठीत ‘च’ होतो. गुजराती ‘ज’चाही ‘च’च. ‘भी’ आला तर ‘ही’. ‘तेच’ ऐकलं तर लिहायचं नाही, आधी विचारायचं. च जोडून लिहायचा. आणि वाचून दाखवताना च आला की थांबायचं, मान हलेपर्यंत.